नव्या काचपेटीत प्रवाळ



पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? आजीच्या गळ्यातली तांबडी माळ, नवरत्नांच्या अंगठीतला एक खडा, नाहीतर मंगळासाठी ज्योतिषाने बोटात घालायला सांगितलेला लाल मणी. पोवळे ही एक वस्तू आहे, दगडासारखी निर्जीव, अशी आपली समजूत लहानपणापासूनच होऊन बसते. हीच समजूत मनात धरून एखादा हौशी गृहस्थ घरात खाऱ्या पाण्याची लहानशी काचपेटी मांडतो. पाणी भरतो, वाळू घालतो, दिवा लावतो, आणि पुढच्याच रविवारी दुकानात जाऊन म्हणतो, "यात ठेवायला एखादं रंगीत प्रवाळ द्या हो!" जणू दिवाणखान्यात फुलदाणीच ठेवायची आहे. प्रवाळ घरी येते, दोन दिवस मिटून बसते, चार दिवसांत आक्रसते, आणि पंधरवड्याच्या आत त्याचा चिखल होतो. गृहस्थ म्हणतो, दुकानदाराने फसवले. दुकानदार म्हणतो, पाणी बिघडले. खरे पाहू गेल्यास पाणी बिघडलेले नव्हते. ते अजून घडलेलेच नव्हते.

आजच्या भाषणात मला सांगायचे आहे ते एवढेच, की लहान काचपेटीत प्रवाळ सर्वांत शेवटी यावे, थोडे यावे, आणि हळूहळू यावे. हे का, आणि कसे, ते आता क्रमाने पाहू.

प्रथम प्रवाळ म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे. अठराव्या शतकाच्या आरंभी मार्सिली नावाच्या इटालियन पंडिताने समुद्रातून नुकतेच काढलेले पोवळे पाण्याच्या भांड्यात ठेवले, तेव्हा त्याच्या फांद्यांवर पांढरी फुले उमललेली त्याला दिसली. झाले! पोवळे ही वनस्पती ठरली. पुढे मार्सेय शहराच्या पेसोनेल नावाच्या वैद्याने दाखवून दिले की ही फुले नव्हेत, हे समुद्रफुलासारखे इवलेसे प्राणी आहेत. परंतु पॅरिसच्या विद्वानांना हे पटायला बरीच वर्षे लागली. आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते की प्रवाळ हा प्राणी आहे. मध्ये तोंड, भोवती स्पर्शकांची झालर, आणि अशा शेकडो-हजारो जीवांची मिळून एक वसाहत.

दागिन्यातले तांबडे पोवळे भूमध्य समुद्रात अंधुक उजेडात वाढते, आणि पाण्यातून वाहत येणारे सूक्ष्म जीव धरून खाते. काचपेटीत जी प्रवाळे ठेवतात त्यांची गोष्ट निराळी. ती उष्ण कटिबंधातल्या उथळ, स्वच्छ पाण्यातली असतात, आणि त्यांच्या मांसात एकपेशीय शैवाल बिऱ्हाड करून राहते. शैवाल उजेडाच्या जोरावर साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देते. घरमालक त्याला आसरा देतो आणि आपल्या शरीरातले टाकाऊ द्रव्य खत म्हणून पुरवतो. असा हा दोघांचा संसार आहे. पाणी फार तापले, उजेड एकाएकी वाढला किंवा पाण्याचा गुण बदलला, की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरे फटक होते आणि उपाशी मरू लागते. मासा त्रास झाला तर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तरी जातो. प्रवाळाला पाय नाहीत. जिथे ठेवले तिथेच, आणि जसे ठेवले तसेच, त्याला सोसावे लागते.

घरात प्रवाळ पाळण्याची हौस बरीच जुनी आहे. १८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या एका इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळे एका बरणीत घालून लंडनला आणली. लंडन समुद्रापासून दूर. तेव्हा ना पंप, ना वीज. पाण्यात हवा मिसळावी कशी? बाईंनी युक्ती काढली. घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपुढे उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसे. अर्धा-अर्धा, पाऊण-पाऊण तास. आपण चहा गार करायला या पेल्यातून त्या पेल्यात ओततो ना, तसेच! पुढच्या वर्षी त्यांनी पाण्यात जिवंत समुद्रवनस्पतीही ठेवल्या. त्यांची प्रवाळे जगली, एवढेच नव्हे तर त्यांना पिलेही झाली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९६१ साली, जाकार्तातील ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली रीत लिहून प्रसिद्ध केली. समुद्रातले ताजे पाणी, जिवंत जिवाणू आणि किडेमुंग्यांसारखे बारीक जीव अंगावर वागवणारे खडक, उजेड, आणि हवेचे चार बुडबुडे. एवढ्यावर त्यांची प्रवाळे जगत होती.

या दोघांच्या गोष्टीतून एक बोध निघतो. दोघांनीही काळजी वाहिली ती पाण्याची. पाणी सांभाळले, आणि पाण्याने प्रवाळ सांभाळले.

आता आपल्या घरातल्या पेटीकडे वळू. दोन फूट लांब, साधारण सव्वा फूट रुंद आणि तितकीच उंच अशी पेटी घेतली, तर खडक आणि वाळू वजा जाता तिच्यात सुमारे ६० लिटर पाणी मावते. नवशिक्याला वाटते, लहान पेटी म्हणजे लहान काम. तसं नाही बरं का! लहान पेटी हेच मोठे काम. का ते एका हिशेबावरून पाहा. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. समजा, चार दिवसांत तुमच्या पेटीतले ३ लिटर पाणी उडून गेले. पाणी उडते, पण मीठ उडत नाही. ते मागे उरलेल्या ५७ लिटरांतच राहते, म्हणजे खारेपणा ३५ वरून जवळजवळ ३७ वर जातो. हेच ३ लिटर ६०० लिटरांच्या हौदातून उडाले असते, तर फरक ध्यानातही आला नसता. जे मिठाचे तेच उष्णतेचे, तेच घाणीचे. मोठ्या पाण्यात चूक विरते, लहान पाण्यात ती साठते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण बचतीसाठी वापरतो. लहान पेटीत ती मलालाही लागू पडते.

म्हणून पहिला नियम असा, की उडालेल्या पाण्याची भर रोजच्या रोज गोड्या पाण्याने करावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. पेटीच्या काचेवर एक खूण करून ठेवा आणि पाणी त्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नका. हे गोडे पाणी नळाचे नसावे; आर. ओ. यंत्रातून काढलेले असावे. विहिरीच्या, नळाच्या पाण्यात सिलिका, फॉस्फेट, क्लोरीन असे काय काय असते, आणि ते सगळे पेटीत जमा होत जाते. खारे पाणीही अशाच शुद्ध पाण्यात तयार मिश्रण विरघळवून करावे. "समुद्र तर दाराशी आहे, चौपाटीवरून चार बादल्या आणल्या तर काय बिघडले?" असे मुंबईकर विचारतील. पण किनाऱ्याजवळचे आपले पाणी गढूळ, त्यात सांडपाण्याचा आणि तेलाचा अंश, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांमुळे त्याचा खारेपणाही उतरलेला. ली चिन एंग यांना जे साधले ते आपल्याला गिरगावच्या चौपाटीवर साधणार नाही. स्वयंपाकघरातले मीठ तर मुळीच चालणार नाही. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर अनेक क्षार ठरावीक प्रमाणात असावे लागतात, आणि ते साध्या मिठात नसतात.

पाणी तयार झाले, खडक रचले, पंप चालू झाला. आता प्रवाळ? अजून नाही. आता वाट पाहायची आहे ती डोळ्यांना न दिसणाऱ्या पाहुण्यांची, म्हणजे जिवाणूंची. पाण्यात कुठलाही जीव राहिला, अन्नाचा कण कुजला, की अमोनिया निर्माण होतो. अमोनिया म्हणजे विष. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते थोड्या प्रमाणात चालते. हे जिवाणू खडकांच्या छिद्रांत आणि वाळूच्या कणांवर वस्ती करतात, पण त्यांची वस्ती एका रात्रीत होत नाही. बहुधा चार ते सहा आठवडे जातात. एवढ्या दिवसांत पेटीत थोडासा अमोनियम क्लोराइड किंवा चिमूटभर माशांचे खाद्य टाकत राहावे, म्हणजे जिवाणूंना चारा मिळतो. या कामासाठी जिवंत मासा सोडून त्याचे हाल करण्याचे काही कारण नाही.

हे चक्र पुरे झाले हे ओळखायचे कसे? बाजारात तपासणीचे संच मिळतात. बाटलीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया टाकला आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहिले असता अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य, असे आढळले, की समजावे, पेटीला पचनशक्ती आली. त्यानंतर निम्मे पाणी बदलावे, एक-दोन शंखवाल्या गोगलगाई सोडाव्यात, आणि आठ-पंधरा दिवसांनी एखादा लहान मासा.

याच सुमारास एक प्रकार घडतो. वाळूवर, काचेवर, खडकावर तपकिरी भुकटीसारखा थर चढतो. पुढे हिरवे शेवाळ येते, क्वचित लालसर बुळबुळीत चादरही पसरते. घरातली माणसे म्हणतात, "एवढे पैसे घालून हे काय गटार आणून ठेवलं?" आणि गृहस्थ घाबरून औषधे ओततो, खडक घासतो, सारे पाणी फेकून पुन्हा आरंभ करतो. असे करू नका. नव्या घराला जशी पहिल्या पावसात ओल येते तशीच ही अवस्था आहे. रिकाम्या जागेवर जो आधी पोहोचतो तो पसरतो. पुढे जिवाणू आणि चांगले शैवाल आपापली जागा घेतात आणि हा थर ओसरतो. काच पुसावी, आठवड्याला दहावा हिस्सा, म्हणजे ६ लिटर पाणी बदलावे, खाद्य हात राखून घालावे आणि थांबावे. याच्या उलट टोकही गाठू नये. काही जण पाणी इतके निर्मळ करण्याच्या मागे लागतात की नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर येतात. मग प्रवाळातले शैवाल उपाशी पडते आणि प्रवाळ फिके होते. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट मऊ प्रवाळांना मानवते. अति तेथे माती, हे स्वच्छतेलाही लागू आहे.

जिवाणूंचे चक्र पुरे झाल्यानंतर निदान एक महिना पेटीकडे नुसते पाहावे. पाहावे म्हणजे रोज एका वहीत चार आकडे लिहावेत: तापमान, खारेपणा, क्षारकता आणि नायट्रेट. महिनाभर ते जवळपास एकाच जागी राहिले, तर तुमची पेटी प्रवाळासाठी तयार झाली. म्हणजे सारे मिळून दोन-तीन महिने झाले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे इथे चालत नाही.

आपल्या हवेत सर्वांत अवघड आकडा तापमानाचा. या प्रवाळांना २५-२६ अंश सेल्सिअस मानवते. २७ अंशही चालेल, पण रोज २७ असावे. सकाळी २५ आणि दुपारी ३० असे नसावे. मे महिन्यात मुंबईत काय, नागपुरात काय, खोलीच त्याच्या कितीतरी वर असते. पाण्यावर पंखा सोडला तर बाष्प होऊन पाणी गार होते. माठातले पाणी गार होते तेच तत्त्व. नागपूरच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः जूनमध्ये, पंखा थकतो. तिथे पाणी थंड करणारे यंत्र लावावेच लागते. उलट नाशिक-पुण्याच्या डिसेंबरातल्या पहाटेला हीटर लागतो. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असू द्यावा. उकाड्यात पंप बंद पडला तर पाण्यातला प्राणवायू लवकर सरतो. एवढा खर्च आणि एवढी दगदग झेपणार नसेल, तर प्रवाळाच्या वाटेला जाऊ नये. गोड्या पाण्यातले मासेही काही कमी देखणे नसतात.

आपल्या घरांतली आणखी दोन-तीन संकटे सांगतो, कारण परदेशी पुस्तकांत ती सहसा नसतात. तांब्या-पितळेच्या भांड्यातून या पेटीचे पाणी कधी नेऊ नये. तांब्याचा अंश आपल्याला गुणकारी म्हणतात, पण प्रवाळाला आणि शंखांना तो विष आहे. माशांवरच्या पुष्कळ औषधांतही तांबे असते. आजारी माशाला दुसऱ्या भांड्यात काढून मगच औषध द्यावे. डास मारण्याचा फवारा त्या खोलीत मारू नये. हात साबणाचे, तेलाचे किंवा हळदीचे असतील, तर कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने स्वच्छ धुऊनच पेटीत घालावेत. आणि गणपतीला आठ दिवस गावी जाणार असाल, तर शेजाऱ्यांना रोजच्या खाद्याच्या पुड्या करून द्याव्यात. प्रेमाने मूठभर खाद्य घालणारा शेजारी आठ दिवसांत दोन महिन्यांचे काम पालथे करतो.

आता प्रश्न उरला, कोणते प्रवाळ? इथे आधी कायदा सांगितला पाहिजे. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. २००१ साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. ती समुद्रातून काढणे, विकणे, बाळगणे हा गुन्हा आहे, आणि त्याला तीन ते सात वर्षांची कैद सांगितली आहे. शोभेसाठी विकायला ठेवलेला वाळलेला पांढरा तुकडाही त्यातून सुटत नाही. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवर आहे. फार काय, मुंबईत हाजी अलीच्या खडकांवरही आहे. २०२० साली किनारी रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली इथल्या १८ प्रवाळ-वसाहती परवानगी काढून, शास्त्रज्ञांच्या हातून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. सरकारी कामालाही इतके सोपस्कार करावे लागतात. मग सहलीला गेलेल्या माणसाने ओहोटीच्या वेळी एक तुकडा खिशात टाकणे किती गैर, ते सांगायला नको. पेटीतले खडकही समुद्रातून आणलेले नकोत. भाजलेल्या मातीचे, सच्छिद्र असे बनवलेले खडक मिळतात, आणि जिवाणू त्यांवरही तितक्याच आनंदाने राहतात.

सुदैवाने नव्या पेटीला जे सोसते, ते त्या यादीत नाही. छत्रीसारखी चपटी दिसणारी मश्रूम प्रवाळे, बटणांच्या ताटव्यासारखी झोअँथिड, आणि चामड्यासारख्या अंगाचे लेदर प्रवाळ, ही सारी मऊ अंगाची. त्यांना चुन्याचा सांगाडा बांधायचा नसतो, त्यामुळे पाण्यातल्या कॅल्शियमच्या लहानसहान चढउतारांनी ती कोलमडत नाहीत. तरीही घेताना समुद्रातून ओरबाडलेले नव्हे, तर पेटीतच कलम करून वाढवलेले घ्यावे, पावती घ्यावी, आणि शंका असल्यास वनखात्याकडे विचारणा करावी. परदेशात राहणाऱ्या आपल्या बांधवांना कठीण प्रवाळेही कायदेशीरपणे वाढवलेली मिळतात. पण आरंभ त्यांनीही मऊ प्रवाळांनीच करावा.

झोअँथिडविषयी एक इशारा. त्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय जहाल विष असते. त्यांना हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा, हातावर जखम असेल तर हात लावूच नये. ती वाढलेला खडक कधीही उकळत्या पाण्यात घालू नये किंवा गरम पाण्याने घासू नये. वाफेबरोबर विष श्वासात गेल्याने घरातली सगळी माणसे आजारी पडल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. घरात लहान मुले असतील, तर झोअँथिड नकोच. पहिले प्रवाळ म्हणून मश्रूम उत्तम.

ते घरी आणल्यावर काय करावे? पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्हींची उष्णता सारखी होते. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी पेटीतले अर्धी वाटी पाणी तिच्यात घालावे. अर्ध्या-पाऊण तासाने प्रवाळ बाहेर काढून निरखून पाहावे. चपटे किडे, अंडी, किंवा काचेसारखी पारदर्शक परकी समुद्रफुले चिकटलेली नाहीत ना? प्रवाळ धुण्याची द्रावणे मिळतात. त्यांवर लिहिल्याप्रमाणे बुडवून, स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळून मग पेटीत ठेवावे. पिशवीतले पाणी पेटीत ओतू नये.

ठेवावे तेही खाली, वाळूजवळ, जिथे प्रवाह मंद आणि उजेड सौम्य. दिव्याची तीव्रता आरंभी कमी ठेवावी, रोज पाच-सहा तासच लावावा, आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावी. अंधाऱ्या खोलीतून भर उन्हात आलेल्या माणसाचे डोळे दिपतात, तसेच प्रवाळाचे होते. पहिले दोन-तीन दिवस ते मिटलेले राहील. राहू द्या. लेदर प्रवाळ तर कधीकधी आठवडाभर मिटून बसते, अंगावर मेणासारखा पापुद्रा धरते आणि मग तो टाकून टवटवीत उमलते. सापाने कात टाकावी तसे. नवखा माणूस नेमका याच वेळी धीर सोडतो, त्याला इथून उचलून तिथे ठेवतो, तिथून पुन्हा वर. दर हलवण्याबरोबर त्याला नव्याने जुळवून घ्यावे लागते. एकदा ठेवल्यावर दोन आठवडे हात लावू नये. मात्र अंग वितळू लागले, दुर्गंधी आली, तर लगेच बाहेर काढावे. लहान पाण्यात एक मेलेले प्रवाळ बाकीच्यांना घेऊन जाते.

एक रुजले, की महिन्याने दुसरे. दोघांमध्ये चार बोटे तरी अंतर असावे, कारण ही शांत दिसणारी मंडळी आपसांत भांडतात. लेदर प्रवाळ पाण्यात अशी द्रव्ये सोडते की शेजाऱ्यांची वाढ खुंटते. म्हणून गाळणीत सक्रिय कोळशाची पुरचुंडी ठेवावी आणि ती महिन्याला बदलावी. ६० लिटरांच्या पेटीत वर्षअखेर पाच-सहा लहान वसाहती आणि एक-दोन लहान मासे, एवढा परिवार पुष्कळ झाला.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की जगभरातल्या समुद्रांत प्रवाळ पांढरे पडण्याचा चौथा जागतिक प्रकोप चालू झाला आहे. आपल्या लक्षद्वीपलाही त्या उन्हाळ्यात त्याची झळ पोहोचली. त्याचे मुख्य कारण म्हणजे समुद्राचे पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंश-दीड अंशाने, काही आठवडे, अधिक राहिले. अंश-दीड अंश म्हणजे किती थोडे, असे वर्तमानपत्र वाचताना वाटते. ज्याने मे महिन्यात आपल्या पेटीपुढे बसून २७ चा आकडा २८ वर, आणि २८ चा २९ वर चढताना पाहिला आहे, त्याला तसे वाटणार नाही. त्याच्याजवळ पंखा आहे, यंत्र आहे, निदान बर्फाची बाटली आहे. समुद्रातल्या प्रवाळाजवळ यातले काही नाही.

तेव्हा ज्यांना हौस आहे त्यांनी आज पेटी जरूर मांडावी, वही घालावी, आणि पहिले प्रवाळ आणण्याचा दिवस कॅलेंडरवर तीन महिन्यांपुढचा लिहून ठेवावा. तोवर रोज संध्याकाळी आकडे टिपावेत. आकडे स्थिर झाले नाहीत, तर तो दिवस खुशाल आणखी एक महिना पुढे ढकलावा. दुकानातले प्रवाळ कुठे पळून जात नाही, आणि तुमच्या पेटीत आल्यावर तर त्याला पळून जाताच येणार नाही.